सुरमईचा संशय

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. एका दाराचा, फिक्या निळ्या रंगाचा, उंचीने भामाबाईंच्या खांद्याएवढा. माझ्या मुठीवरचा मुलामा अंगठ्याच्या जागी झिजला आहे आणि खालच्या कोपऱ्यात गंजाचा एक ठिपका आहे. यंदाच्या श्रावणात माझ्यावर एक आरोप झाला. मी अन्न नासवतो, असा. माझ्या उभ्या आयुष्यात असे मला कोणी म्हटले नव्हते. म्हणून माझी हकीकत मी तुम्हांला पहिल्यापासून आणि क्रमाने सांगणार आहे.

प्रथम माझी रचना समजून घ्या. लोकांना वाटते, फ्रीज थंडी तयार करतो. तसे नाही. मी आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. माझ्या पोटात गारवा असतो तो याच कारणाने, आणि माझी पाठ उबदार असते तीही याच कारणाने. आत थंडी किती हवी हे थर्मोस्टॅट पाहतो, उष्णता वाहून नेण्याचे बळ कॉम्प्रेसर देतो आणि बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून दाराला रबर आहे. इतकी व्यवस्था करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र मला दिली नाही. मला नाक नाही. आत ठेवलेली वस्तू किती गार आहे, हे मी अचूक जाणतो. तिला वास कसला येतो, हे मला कधीच कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यापाशी येऊन थांबतो.

मला महादेवरावांनी पनवेलच्या बाजारातून विकत घेतले. त्यांचे घराणे उरणकडच्या मिठागरांत राबलेले. ते स्वतः बंदरावर क्रेन चालवत. टेम्पोत दोरखंडाने बांधून त्यांनी मला गावी नेले, तेव्हा सारी आळी दारात उभी होती. भामाबाईंनी माझ्या दाराला हळदकुंकू लावले, मुठीत झेंडूचे फूल अडकवले आणि मग नवऱ्याला विचारले, "आनि यात पयलं काय ठेवायचं?" महादेवराव म्हणाले, "पाणी ठेव गो. बंदरावरून आलो की गार पाणी पाहिजे मला." त्या आळीत मी पहिलाच होतो. कोणाला ताप आला की बर्फासाठी भांडे माझ्याकडे येई. कोणाच्या हळदीला सरबत असले की रात्रभर माझ्यात पाण्याच्या बाटल्या उभ्या असत. सणाच्या आदल्या दिवशी पापलेट, कोलंबी आणि बोंबील माझ्या पोटात दाटीवाटीने निजत. लोक माझे कौतुक करत आणि महादेवराव ते स्वतःचेच कौतुक असल्यासारखे ऐकून घेत.

निवृत्तीच्या आधी एके दिवशी त्यांनी बंदरावरून मांजरीचे एक पिल्लू हेल्मेटमध्ये घालून आणले. राखाडी, चकचकीत, अंगावर फिकट रेघा. भामाबाई म्हणाल्या, "ही तर सुरमई हाय." तेच नाव पडले. सुरमई मोठी झाली आणि तिने माझी उबदार पाठ शोधून काढली. जाळीतली ऊब वर चढते, म्हणून ती माझ्या माथ्यावर घडी घातलेल्या जुन्या टॉवेलवर झोपू लागली. दुपारची तिची जागा ठरलेली. तिचे वजन माथ्यावर आले की मला दिवस जागच्या जागी असल्याची खात्री वाटे.

मग महादेवराव गेले. त्यांचा मुलगा मितेश याने सुकापूरला इमारतीत घर घेतले आणि आईला तिकडे नेले. भामाबाईंनी गावाकडून देवघर, सुरमई आणि मला, एवढेच सोबत घेतले. मितेश म्हणाला होता, "आई, तिकडे नवीन डबल डोअर घेऊ की." भामाबाई म्हणाल्या होत्या, "घे ना. एका दारात तुला आनि दुसऱ्यात मला ठेवायला." तो विषय तेवढ्यापुरता मिटला. तरी दर गणपतीच्या आधी जुन्याच्या बदल्यात नवे देण्याच्या जाहिराती सुरू झाल्या की मितेश माझ्याकडे ज्या नजरेने पाही, ती मला ओळखता येऊ लागली होती.

आता यंदाची गोष्ट. आषाढ संपता संपता सुरमईला लघवीचा त्रास सुरू झाला. प्राण्यांच्या डॉक्टर विनिता मॅडम यांनी तपासून सांगितले की कोरडे दाणे पूर्ण बंद, यापुढे फक्त डब्यातले मासळीचे ओले खाद्य. त्यातून तिच्या पोटात पाणी जाईल. एक डबा एका जेवणात संपणारा नव्हता. म्हणून उरलेले खाद्य फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवायचे, असे ठरले. जाताना मॅडमनी एक ताकीद दिली. "मांजराला उपाशी राहू देऊ नका. माणसाला उपास झेपतो. मांजराच्या यकृतावर येतं."

सुरमई साधी नव्हती. ताज्या मासळीच्या डोक्यांवर वाढलेली ती मांजर. तरी पहिला डबा उघडला तेव्हा तिने बशी चाटूनपुसून साफ केली. भामाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. उरलेल्या डब्यावर एक बशी उपडी ठेवून त्यांनी तो माझ्या वरच्या कप्प्यात सरकवला.

संध्याकाळी तोच डबा बाहेर आला. सुरमई आली, तिने एकदा हुंगले, मान मागे घेतली आणि भामाबाईंकडे अशा नजरेने पाहिले की जणू ओळखीच्या माणसाने खोटे नाणे हातावर ठेवले. मग ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुसरा डबा फोडला. ताजे खाद्य तिने खाल्ले, माझ्यातून निघालेले नाकारले. दुकानात आणखी डबे नव्हते. पुढचा माल यायचा होता. आता जे होते, ते सारे माझ्याच पोटात होते, आणि सुरमई त्याच्याकडे फिरकत नव्हती.

मितेशने हिशेब सोपा केला. "डबा फोडला की खाते, फ्रीजमधून काढला की नाही खात. म्हणजे फ्रीज गेला. आत माल नासतोय."

"दूध कसं नाय नासलं मग?" भामाबाईंनी विचारले.

"नासेल उद्या. आई, किती वर्षं झाली त्याला! आता ऑफर चालू आहे, देऊन टाकू."

"तुज्या बापानं आणलाय तो."

"बाबांनी आणला म्हणून त्याला मरण नाही का?"

मित्रांनो, हे शब्द मी दार मिटून ऐकले. माझे तापमान योग्य होते. कणभरही चूक नव्हती. पण ते सांगायला मला तोंड नव्हते. शेवटी भामाबाईंनीच हट्ट धरला की आधी कारागीर बोलवा. काशीराम नावाचा फ्रीज दुरुस्त करणारा आला. तोंडात तंबाखूचा बार, हातात तापमापक. त्याने तो माझ्यात ठेवला, जाळीवर हात फिरवला, रबर दाबून पाहिले आणि खिडकीतून थुंकून येऊन म्हणाला, "काकी, मशीन टकाटक आहे. रबर थोडं ढिलं आहे, चालेल अजून. नवीन फ्रीज घ्या, माझं काही नाही, पण याच्यावर आळ नका घेऊ."

मी सुटलो. पण संशय असा घरातून जात नाही. एकाच्या अंगावरून उठला की दुसऱ्याच्या अंगावर बसतो.

तो हेतलवर बसला. हेतल ही भामाबाईंची सून, न्हाव्हाशेव्याच्या एका कचेरीत कामाला जाणारी, टापटिपीची. मांजर ओट्यावर चढलेले तिला खपत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होते. तिने कुठेतरी वाचले होते की गार खाद्याला वास कमी येतो, म्हणून मांजर ते टाळते; ते थोडे कोमट करून द्यावे. वाचलेले खरेच होते. थंडीत वास पदार्थातच दडून राहतो, उबेने बाहेर पडतो. हेतलने खाद्याची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली, दोन चमचे गरम पाणी घालून ढवळले आणि सुरमईपुढे ठेवली.

सुरमई जवळ आली. हुंगले. आणि या वेळी ती नुसती मागे हटली नाही. पुढच्या पंजाने वाटीभोवतीची फरशी ओरबाडू लागली, जसे मांजर आपली घाण मातीने झाकते तसे.

"बघ, बघ!" भामाबाई ओरडल्या. "गाडते ती. काय घातलंस गो त्यात?"

"पाणी, आई. नुसतं गरम पाणी."

"गार देते मी तेव्हा निस्ती उठून जाते. तू ढवळलंस तर गाडते. असं कसं?"

"म्हणजे मी काय कालवते त्यात? बोला ना, काय कालवते?"

"मी काय बोलले का?"

"बोलायचं काय राहिलं आता!" हेतलने चमचा बेसिनमध्ये टाकला. त्याचा आवाज माझ्या दारापर्यंत आला.

मला सांगायला संकोच वाटतो, पण त्या घटकेला माझाही हेतलवर संशय होता. कोमट केल्याने गोष्ट सुधारायला हवी होती आणि ती बिघडली होती. नियमाच्या उलट घडले की मनात पहिल्यांदा माणूसच येतो, नियम येत नाही.

हेतलचा संशय वेगळ्या दिशेला होता. समोरच्या घरातल्या सुनीताच्या दारात तिने सुरमईला बसलेले पाहिले होते; बाहेर पोट भरत असेल तर ती घरात कशाला खाईल? मितेशला वाटत होते की आईच पदराआडून सुकट चारते. आणि भामाबाई सुनेच्या हाताकडे पाहत राहिल्या. एका घरात तीन माणसांचे डोळे एकमेकांच्या हातांवर, आणि ज्या मांजरीसाठी हे चालले होते, ती चपलांच्या कपाटाखाली अंग चोरून पडलेली. तिच्या कुशी आत गेल्या होत्या. माझ्या माथ्यावरचा टॉवेल तर श्रावण लागल्यापासून रिकामाच होता. आजारपणामुळे चढवत नसेल, असे मी समजत होतो.

विनिता मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "उद्यापर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. नळी घालून भरवावं लागेल. वयस्कर आहे ती, उशीर नको."

फोन ठेवून भामाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. दार उघडायचे त्यांना काही कारण नव्हते. मुठीवर, झिजलेल्या त्या जागेवर, अंगठा ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "त्यांची एकच जिती खूण हाय आता घरात. तिलापन मी उपाशी मारू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. सुनीता आली होती आणि तावातावाने आली होती.

"भामाकाकू, एक स्पष्ट विचारायचंय. तुमची हेतल खालच्या बायकांना सांगते म्हणे, मी तुमची मांजर फितवली! माझ्या घरात श्रावण आहे. अंड्याचं टरफल सापडणार नाही. मी तिला काय साबुदाण्याची खिचडी घालते?"

"अगो, तसं नाय म्हणायचं तिला—"

"मग कसं म्हणायचंय? येते ती माझ्या दारात. बसते. मी म्हटलं, म्हातारी आहे, बसू दे. त्याची ही फेड!"

आता भामाबाईंच्या गावचा एक रिवाज आहे. भांडायला आलेल्या माणसालाही आधी बसवायचे, चहा द्यायचा, आणि मग भांडायचे. "बस," त्या म्हणाल्या. "पयला चहा घे. मग काय बोलायचं ते बोल." सुनीताला नाही म्हणता येईना. भामाबाईंनी माझ्यातून दुधाचे पातेले काढले, चहा केला आणि कप तिच्यापुढे ठेवला. सुनीताने रागारागातच मोठा घोट घेतला आणि तो घोट तिच्या तोंडात तसाच थांबला.

"काकू," ती कष्टाने गिळून म्हणाली, "चहात आरतीचं तबक बुडवलंत का?"

"म्हंजे?"

"कापूर! नुसता कापूर लागतोय."

"काय तरीच. रोज याच दुधाचा चहा पितो आमी." भामाबाईंनी कप नाकाशी नेला. "मला नाय येत वास."

"तुम्हांला कसा येणार? महिनाभर घरात सकाळ-संध्याकाळ आरती, धूप. तुमचं नाकच देवळात बसलंय." सुनीता उठली आणि तिने माझे दार उघडले. लगेच एक पाऊल मागे सरकली. "अगंबाई! हा फ्रीज आहे की देव्हारा?"

मित्रांनो, आता मला तुम्हांला ती गोष्ट सांगितली पाहिजे जी मी रोज पाहत होतो आणि जिचा अर्थ मला लागत नव्हता. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी घरात शेवटची मासळी होते, आणि मग भामाबाई मला आतून-बाहेरून धुतात. महिनाभर माझ्यात मासळीचा वास नको, देवाच्या दुधाला तर नकोच, म्हणून स्टीलच्या एका वाटीत कापराच्या वड्या घालून ती उघडी वाटी त्या वरच्या कप्प्यात ठेवतात. गावी होतो तेव्हापासूनचा हा त्यांचा नेम. इतकी वर्षे त्याने कोणाचे काही बिघडले नव्हते, कारण सुरमईचे खाणे माझ्यात कधी नसे. यंदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून भर श्रावणात मासळीचा डबा आत ठेवावा लागला. भामाबाईंच्या मनाला ते लागले. म्हणून त्यांनी डबा एका बाजूला, देवाचे दूध दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कापराची वाटी ठेवली. कुंपण घालावे तशी. वड्याही दुप्पट घातल्या.

कापराचा गुण असा की तो थंडीतही स्वस्थ बसत नाही. वितळल्याशिवायच त्याची वाफ होते आणि ती दिसत नाही. माझे दार बंद, आणि ढिले असले तरी रबर अजून धरून होते. ती वाफ जाणार कुठे? दुधावर जाळीचे झाकण, खाद्याच्या डब्यावर नुसती उपडी बशी. दोन्हींत तो मुरत राहिला. खाद्याची वाटी कोमट केल्यावर तो अधिक जोराने वर आला आणि सुरमईने फरशी ओरबाडली. हेतलचा नियम चुकला नव्हता. तिने मासळीबरोबर कापरालाही ऊब दिली होती, इतकेच. तो वास मुरत मुरत माझ्या पत्र्यालाही लागला असणार. माथ्यावरचा टॉवेल का रिकामा होता, हेही मला तेव्हा उमगले.

भामाबाईंनी वाटी बाहेर काढली. सुनीताचा राग केव्हाच उतरला होता. तिनेच विनिता मॅडमना फोन लावून दिला.

"कापूर?" मॅडमचा आवाज चढला. "आजी, कापूर मांजराला विषासारखा असतो. तो वाससुद्धा तिच्यापासून लांब ठेवा. ते खाद्य आणि दूध दोन्ही टाकून द्या. नशीब, तिनं खाल्लं नाही."

मित्रांनो, त्या घरात सगळेच संशय घेत होते. मितेश माझ्यावर, हेतल सुनीतावर, भामाबाई हेतलवर आणि मी त्यांच्या जोडीला. आमचे सगळे संशय खोटे निघाले. खरा ठरला तो एकटीचा. उपाशी राहूनही तिने तो सोडला नाही.

पुढची कामे भराभर झाली. कापूर घट्ट झाकणाच्या डबीत घालून देवघराच्या खणात बंद झाला. मला रिकामे करून कोमट पाणी आणि खायचा सोडा घालून पुसले, दार दिवसभर उघडे ठेवून वारे दिले. माझे बाहेरचे अंगही पुसले आणि माथ्यावरचा टॉवेल धुऊन उन्हात टाकला. मितेश कामावरून सुटताच खारघरच्या एका दुकानातून डबे घेऊन आला. ताजे खाद्य सुरमईने खाल्ले. चपलांच्या कपाटाखालून हळूहळू येऊन, थांबत थांबत, पण खाल्ले. उरलेले या वेळी काचेच्या स्वच्छ बरणीत भरून, झाकण घट्ट पिळून माझ्यात ठेवले. खरी परीक्षा त्या बरणीची होती. आणि माझी.

सकाळी हेतल कामाला निघायच्या आधी सगळे स्वयंपाकघरात जमले. सुनीताही आली. भामाबाईंनी बरणी काढली. वाटीत चमचाभर खाद्य घेतले आणि त्या थांबल्या. आपले तळहात त्यांनी नाकाशी नेले, साडीला पुसले, पुन्हा हुंगले. आरती नुकतीच झाली होती. मग त्यांनी वाटी आणि चमचा सुनेपुढे धरला.

"तूच दे गो. माज्या हाताला कापूर हाय."

हेतलने सासूकडे पाहिले. वाटी गरम पाण्यात ठेवली, दोन चमचे गरम पाणी घालून ढवळले, बोटाच्या टोकाने ऊब पाहिली, आणि खाद्य खोलगट वाटीऐवजी पसरट बशीत ओतून फरशीवर ठेवले. भामाबाई मुद्दाम लांब, माझ्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

सुरमई आली. तिने बशीभोवती एक फेरी मारली. हुंगले. मान वर करून हेतलकडे पाहिले, मग लांब उभ्या भामाबाईंकडे. पुन्हा हुंगले. कोणी हलले नाही. आणि मग तिची जीभ बशीला लागल्याचा बारीक आवाज आला.

"खाते," मितेश पुटपुटला.

"गप रे," हेतल म्हणाली. "नजर लावशील."

सुरमईने बशी संपवली. भामाबाई सुनेजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायला निघालेला हात मध्येच थांबवून पदरात गुंडाळला. "आंघोळ करून येते पयली," त्या म्हणाल्या. हेतलने तो हात पदरासकट धरला. "राहू दे, आई. मला चालतो कापूर."

मितेशने घसा साफ केला. "मग फ्रीजची ऑफर..."

"ऑफर तुज्या नाकाला बघ," भामाबाई म्हणाल्या. सुनीता इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.

मित्रांनो, मी फार दिवस चालेन असे नाही. काशीराम म्हणतो तसे माझे रबर ढिले झाले आहे. पण घराघरांत माझ्यासारखे अनेक उभे आहेत, म्हणून जाता जाता एवढे मागतो. आमच्यात जे ठेवाल ते झाकून ठेवा. आम्ही गारवा राखतो. कोणता वास कोणाकडे जावा हे आम्हांला समजत नाही, ते तुम्ही पाहायचे. मुक्या जिवाला गार घास तसाच पुढे लोटू नका, थोडी ऊब द्या. आणि त्याने तोंड फिरवले, तर शेजाऱ्याचे हात तपासण्याआधी स्वतःचे हुंगून पाहा.

आता दुपार झाली आहे. कॉम्प्रेसर सुरू झाला की मी थोडा थरथरतो, हे तुम्हांला माहीत असेल. थोड्या वेळापूर्वी तसाच थरथरलो. माथ्यावर धुतलेल्या टॉवेलावर कोणीतरी कूस बदलली, आणि पुन्हा झोपी गेले.